उरलेल्या गवताचा हिशेब

पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की माळावर हिरवी लव येते. उन्हाळाभर कडब्याच्या बुडख्यांवर दिवस काढलेली गाय ती लांबूनच हुंगते आणि दाव्याला हिसके देऊ लागते. गोठ्यातली वैरण संपत आलेली असते, शेजारच्यांची गुरं आधीच माळावर पोहोचलेली असतात, मग आपणही दावं सोडतो. वर्षभरातली सगळ्यात मोठी चूक आपण त्याच सकाळी करतो.

ती लव गवताने मुळांतली साठवण मोडून उभी केलेली असते. बहुवर्षायू गवत उन्हाळाभर जमिनीखाली जिवंत राहतं ते या शिदोरीवर. पहिल्या पावसात ते शिदोरी सोडून पानं काढतं आणि मग पानांच्या जोरावर मुळांची भरपाई करतं. पानं फुटताक्षणी खाल्ली गेली, की ते पुन्हा मुळांकडून उसनं घेतं. गाय आठवड्याने पुन्हा तिथेच येते, कारण नवी फूट कोवळी आणि गोड असते. असं दोन-चार वेळा झालं की गड्डा मरतो. गवत एका घासाने मरत नाही, सावरण्याआधी पडलेल्या दुसऱ्या घासाने मरतं. फ्रान्समधले शेतकरी-संशोधक आंद्रे व्वाझँ यांनी १९५७ सालच्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला: अतिचराई ठरते ती जनावरं किती यापेक्षा ती किती वेळ थांबली आणि किती दिवसांनी परतली यावर.

हा लेख आहे तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या माळांसाठी. बारामती, दौंड, कर्जत, करमाळा, माण, खटाव, आटपाडी या पट्ट्यात पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वीतभर माती आणि खाली मुरूम अशी जमीन असते. कोकणातल्या किंवा मेळघाटातल्या रानाला इथला हिशेब जसाच्या तसा लावू नका.

आधी एक समज काढून टाकायला हवा. आपले माळ म्हणजे तोडलेलं जंगल नव्हे आणि पडीक जमीनही नव्हे. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ प्रदेशांची जी वर्गवारी मांडली, तिच्यात दख्खनचा माळ हा पवन्या आणि मारवेल या दोन गवतांवरून ओळखला जाणारा, स्वतंत्र प्रकारचा गवताळ प्रदेश आहे. सरकारी नकाशांत मात्र तो बऱ्याचदा पडीक म्हणून रंगवला जातो आणि मग कुणीतरी तिथे ओळीने खड्डे घेऊन ग्लिरिसिडिया किंवा सुबाभूळ लावतं. माळावर बोर, हिंगण, खैर, बाभूळ तुरळक असतात तेवढीच झाडं त्याला पुरतात. चराईचा आराखडा करायला बसाल तेव्हा पहिला ठराव हा करा, की चांगल्या गवतात खड्डे आणि चर घ्यायचे नाहीत. चर हवेच असतील तर उघड्या, धुपलेल्या उतारावर घ्या.

दुसरं काम, माळ वाचायला शिकणं. एका सकाळी गावातल्या सगळ्यात जुन्या गुराख्याला बरोबर घ्या आणि आडवे चालत जा. पवन्या, मारवेल आणि डोंगरी गवताचे गड्डे पायाला लागत असतील तर माळ अजून शाबूत आहे. जिकडेतिकडे कुसळीच दिसत असेल तर चांगली गवतं खाऊन संपली आणि जनावरं टाळतात ते मागे उरलं. टाकळा आणि गाजरगवत माजलं असेल तर माळाला दोन-तीन पावसाळे मोठी विश्रांती द्यावी लागेल. गुराखी नावं सांगेल ती लिहून घ्या, कारण एका गवताला दहा कोसांवर दुसरं नाव असतं आणि तुमच्या नोंदींत तुमच्या गावचंच नाव हवं.

आता मोजणी. एक-एक मीटरच्या चार काठ्या बांधून चौकट करा. माळावर दहा ठिकाणी ती न बघता टाका, म्हणजे चांगल्या जागा निवडायचा मोह होणार नाही. चौकटीतलं गवत जमिनीलगत कापा, उन्हात खडखडीत वाळवा आणि तोला. समजा सरासरी दीडशे ग्रॅम भरलं. एकराला साधारण चार हजार चौरस मीटर धरले तर हे झालं सहाशे किलो वाळलेलं गवत. यातलं निम्मंच जनावरांचं, निम्मं माळाचं. म्हणजे हाती राहिलं तीनशे किलो. तीनशे किलो वजनाची गाय दिवसाला आपल्या वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे साडेसात किलो वाळलेला चारा खाते. एकरावर एक गाय चाळीस दिवस, किंवा दहा गायी चार दिवस.

हे निम्म्याचं प्रमाण मनाला येईल तसं ठरवलेलं नाही. अमेरिकेतले गवत-अभ्यासक फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गवताची पानं वेगवेगळ्या प्रमाणात कापून मुळं काय करतात ते पाहिलं होतं. निम्मी पानं काढली तरी मुळांची वाढ जवळजवळ अडखळत नाही. त्यापुढे मात्र ती झपाट्याने थांबत जाते, आणि ऐंशी टक्के पानं काढली की पूर्ण बंद पडते. मुरमाड जमिनीत, पावसाने पंधरा दिवस दडी मारलेली असताना मुळं थांबली तर पुढचं सांगायला नको. हे प्रयोग परदेशी गवतांवरचे आहेत, तरी पवन्याच्या गड्ड्यावर तुम्ही स्वतः ते करून पाहू शकता. शेजारशेजारचे दोन गड्डे घ्या, एक अर्ध्यावर कापा, एक जमिनीलगत कापा आणि तीन आठवड्यांनी बघा.

हिशेब लावला की बहुतेक गावांत एक कडू आकडा समोर येतो. चाळीस एकर गायरान, दीडशे ग्रॅमची सरासरी, म्हणजे सोळाशे गाय-दिवस. चार महिने चारायचं तर तेरा-चौदा गायी. आणि गावात तर शंभर-दीडशे जनावरं. इथे मी स्पष्ट लिहितो: फिरत्या चराईने हा फरक भरून निघत नाही. नुसत्या फिरवण्याने माळ दुप्पट जनावरं पोसतो असे दावे जगभर झाले, पण अनेक देशांतल्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतल्यावर तसं दिसलं नाही. फिरवण्याने विश्रांती मिळते आणि विश्रांतीने माळ सुधारतो. जनावरांची संख्या माळाच्या ताकदीबाहेर असेल तर विश्रांती द्यायला जागाच उरत नाही. म्हणून बाकीच्यांची सोय आधी लावा: बांधावर मारवेल, विहिरीच्या पाण्यावर थोडा हिरवा चारा, बाजरीची सरमाडं आणि कडबा कुट्टी करून, भाकड जनावरांचा वेगळा विचार. हे झाल्याशिवाय माळावर पट्टे आखायला जाऊ नका.

पट्टे चार करा. पाणी, उतार आणि गवत पाहून करा, मोजपट्टीने सारखे करण्याचा हट्ट नको. चांगल्या गवताचा पट्टा लहान, हलक्याचा मोठा. पावसाळ्याच्या सुरुवातीला चारही बंद. गवत वीतभर होईपर्यंत, म्हणजे पाऊस वेळेवर आला तर जुलैच्या मध्यापर्यंत, कुणाचंही जनावर माळावर जाणार नाही. सगळी योजना टिकते किंवा मोडते ती या पाच-सहा आठवड्यांत, म्हणून या दिवसांपुरती वैरण मागच्या दिवाळीलाच गंजीत राखून ठेवायची आणि तिला उन्हाळ्यात हात लावायचा नाही. ज्याच्याकडे गंज नाही त्याला गावाने द्यायची. नाहीतर तो रात्री गुरं सोडेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

त्यानंतर पहिल्या वर्षी क्रमांक एकचा पट्टा राखून ठेवा. बाकीच्या तीन पट्ट्यांत जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साधारण एकेक महिना. ऑक्टोबरनंतर जनावरं काढणी झालेल्या रानात, सरमाडावर. राखलेल्या पट्ट्यातलं गवत फुलोऱ्यात येतं, बी धरतं, ते पिकून खाली पडतं, मगच तिथे पाऊल टाकायचं. पुढच्या वर्षी राखणीचा मान क्रमांक दोनला, आणि जो पट्टा यंदा जुलैत चारला तो पुढच्या वर्षी जुलैत चारायचा नाही. चार वर्षांत प्रत्येक पट्ट्याला एकदा पूर्ण पावसाळा मिळतो आणि प्रत्येक गवताला एकदा बी टाकायला मिळतं.

एका पट्ट्यात महिनाभर जनावरं मोकळी सोडली तर ती आवडत्या जागी पुन्हा पुन्हा जातील, म्हणजे मूळ चूक लहान आकारात पुन्हा होईल. त्यासाठी दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे झटका मशीन. रानडुकरांसाठी पुष्कळांनी सौर कुंपणाचा संच घेतलेला असतोच. हलक्या खुंट्यांवर एक तार, गायीच्या छातीच्या उंचीवर, आणि दर चार-पाच दिवसांनी ती पुढे सरकवायची. माळावर काटेरी तारेचं कायमचं कुंपण करू नका. धावत्या काळविटाला आणि चिंकाऱ्याला ते जीवघेणं ठरतं आणि संध्याकाळी खाली उडणारी घुबडं त्यात अडकतात. झटक्याची तारही काम संपल्यावर गुंडाळून घरी न्यायची. दुसरा उपाय जुना आहे आणि माझ्या मते जास्त चांगला: पगारी गुराखी. त्याला रोज नवी जागा आणि काल चारलेल्या जागेकडे पाठ, एवढा एकच नियम सांगायचा. चांगला गुराखी वारा, उतार आणि सावली बघून कळप असा फिरवतो की गवत वरवर खाल्लं जातं. त्याला गावाने महिन्याच्या महिन्याला रोख पैसे द्यावेत. गुराख्याचा पगार थकला त्या वर्षी योजना बुडाली म्हणून समजा.

जनावरं पट्ट्यातून कधी काढायची, हे दिवस मोजून ठरवू नका. आत सोडण्याआधी पाच-सहा गड्ड्यांजवळ रंगवलेली खुंटी ठोका आणि गवताच्या निम्म्या उंचीवर खूण करा. गवत खुणेपाशी आलं की त्याच दिवशी बाहेर. पाऊस चांगला असेल तर ते पुन्हा उभं राहायला महिना-सव्वा महिना लागतो. पावसाने ओढ दिली तर दोन महिनेही पुरत नाहीत. ऑक्टोबरनंतर माती वाळली की वाढ थांबते आणि तेव्हा दिलेली विश्रांती मुळांच्या उपयोगाची नसते. आपल्याकडे विश्रांतीचा काळ पावसाळ्याचाच. उन्हाळ्यात माळ बंद ठेवून पावसाळ्यात मोकळा सोडणारी गावं मी पाहिली आहेत. तिथली मेहनत खरी असते, वेळ तेवढी उलटी असते.

आता उरलेल्या निम्म्याकडे वळतो. माळावरचं वन्यजीवन त्यातच असतं.

चारही पट्टे एकाच वेळी वेगवेगळ्या उंचीचे होतात, आणि माळाच्या पाखरांना नेमकं हेच हवं असतं. धाविक पक्षी आखूड, खुरट्या गवतात आणि उघड्या मुरमावर पळतो आणि अंडीही तिथेच घालतो. काळविटांना दूरवर नजर जाईल असं मोकळं रान लागतं. चंडोल गड्ड्याच्या बुंध्याशी घरटं करतो. लावऱ्या आणि तित्तर दाट गवतात दडतात. तणमोराचा नर पावसाळ्यात उंच गवतातून हवेत उडी घेऊन मादीला बोलावतो, त्याला गुडघ्याच्या वर गवत नसेल तर तो थांबतच नाही. सगळा माळ एकसारखा खुरटा केला तर निम्मे जातात, आणि सगळा बंद ठेवला तरी धाविकासारखे जातात. शिवाय कित्येक वर्षं न चारलेल्या गड्ड्यात वाळलेल्या काड्या साचून नवी फूट गुदमरते आणि वणव्याला सरपण मिळतं. हिवरे बाजार गावाने चराईबंदी करून विळ्याने गवत कापून न्यायची शिस्त लावली आणि उजाड डोंगर हिरवे केले, हे खरं आहे. उजाड माळाला सुरुवातीला अशी बंदी हवीच. गवत परत आल्यावर मात्र मोजकी, फिरती चराई माळाला लागते. शेवटी काळवीट, चिंकारा हेही चरणारेच प्राणी आहेत आणि या गवतांना खाल्लं जाण्याची सवय आहे.

सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० साली काळविटांसाठी. रेहेकुरीचं क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. माळढोक मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, आणि आज नान्नजला तो पक्षी दिसणं दुर्मीळ झालं आहे. एवढ्याशा राखीव तुकड्यांनी माळाचे जीव टिकणार नाहीत. ते तुमच्या गायरानात आणि खाजगी माळावर जगले तरच जगतील. म्हणून काही गोष्टी नियमात लिहून घ्या.

जुलै ते सप्टेंबर गुराख्याने कळपाच्या पुढे चालायचं. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली किंवा एखादं पाखरू पंख मोडल्यासारखं पुढे फरफटू लागलं, की अंडी किंवा पिल्लं जवळ आहेत. कळप बाजूने न्यायचा, त्या जागी दगडांचा लहान ढीग रचायचा आणि तीन आठवडे तिकडे फिरकायचं नाही. गवत कापताना मधून सुरुवात करून कडेकडे कापत जा. आपण सवयीने कडेने कापत आत येतो, त्यामुळे लावऱ्यांची पिल्लं मधल्या तुकड्यात कोंडली जातात आणि शेवटच्या विळ्याखाली येतात. ओढ्याच्या दोन्ही काठांना दहा-दहा पावलं गवत कधीच कापू नका. बाकी ठिकाणीही चार बोटं उंच धसकट ठेवा.

पाण्याचा हौद पट्ट्याच्या कडेला, आणि त्यात एका बाजूला दगडांची उतरंड. तीस रुपयांचंही काम नाही, पण त्यामुळे खारी, साप, पाखरं बुडून मरत नाहीत.

औषधांबाबत जागरूक राहा. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकावर जनावरांसाठी २००६ सालीच बंदी आली, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. माणसांसाठीच्या कुप्या गुरांना टोचू नका, डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा. जंतासाठी आयव्हरमेक्टिन सरसकट देऊ नका. ते शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारतं. शेणकिडे नसले की शेणाचा पो तसाच वाळून दगड होतो, खत जमिनीत जात नाही आणि शेणकिडे खाणाऱ्या पाखरांचं अन्न जातं. शेण तपासून, गरज असलेल्या जनावरालाच, आणि शक्यतो पावसाळ्याबाहेर औषध द्या. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी मात्र चुकवू नका. राखणीच्या कुत्र्यांनाही रेबीज आणि डिस्टेंपरची लस द्या, कारण त्यांचा आजार लांडग्यांच्या आणि खोकडांच्या अख्ख्या कुटुंबाला संपवू शकतो.

लांडगा आपल्या माळावर आहेच. मोठ्या गायीला तो सहसा हात लावत नाही, वासरू आणि शेळी-मेंढी यांना धोका असतो. वासरं रात्री बंद गोठ्यात ठेवा. हल्ला झालाच तर मेलेलं जनावर हलवू नका, त्यावर विष टाकू नका, त्याच दिवशी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाईची तरतूद आहे. लांडगा नको म्हणून विष ठेवणाऱ्या गावात खोकड, घोरपड आणि शेवटी गावातलंच कुत्रं मरतं.

मेंढपाळांना सोडून हे काहीही करू नका. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर कोकणाकडे किंवा बागायती पट्ट्याकडे निघतात आणि पाऊस लागताना परत येतात. त्यांच्या वाटा तुमच्या पट्ट्यांपेक्षा जुन्या आहेत. मेंढी जमिनीलगत खाते, म्हणून पावसाळ्यात तिच्यासाठी वेगळा, हलक्या गवताचा भाग आणि ठरलेले दिवस ग्रामसभेतच नेमून द्या आणि मेंढपाळांना त्या बैठकीला बोलवा. काढणीनंतर शेतात वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढ्या बसवणं हा दोघांच्याही फायद्याचा व्यवहार आहेच. जमीन वनखात्याची असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क मान्य केलेला आहे, सामूहिक दाव्याचा विचार करा. गायरान महसुलाचं असेल तर ग्रामपंचायतीच्या दफ्तरातला उतारा आणि नकाशा आधी काढा. ज्या माळाची हद्द ठाऊक नाही त्याची राखण करता येत नाही.

राहिली ती राखलेल्या पट्ट्याची शेवटची गोष्ट. सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य आशियाकडून भोवत्ये येतात. लांब पंखांचे हे शिकारी पक्षी दिवसभर माळावर आणि पिकांवर खाली तरंगत टोळ, नाकतोडे आणि उंदीर टिपतात आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवर झोपतात. नोव्हेंबरच्या एखाद्या संध्याकाळी सूर्य टेकला की राखलेल्या पट्ट्यापासून लांब, बांधाआड बसा आणि मोजा. दहा भोवत्ये उतरताना दिसले तर त्या पट्ट्यातलं उभं वाळलेलं गवत मार्चअखेरपर्यंत तसंच ठेवा आणि वणवा येऊ नये म्हणून भोवती चार हात रुंद जाळपट्टा ठेवा. भोवत्ये होळीच्या आगेमागे निघून जायला लागतात. शेवटचा गेला की तो पट्टा एप्रिलमध्ये जनावरांना उघडा, बी केव्हाच पडलेलं असेल. खुरांनी ते मातीत दाबलं जाऊ द्या, आणि मेच्या मध्याला जनावरं बाहेर काढा.